चांदीच्या डबीतलं

अव्वा,

तुला लिहायला-वाचायला येत नव्हतं, हे मला कागद पुढं ओढल्यावर आठवलं. तू होतीस तेव्हा माझं पत्र मुरुडला यायचं आणि धाकटा ते दुकानातच, गिऱ्हाइकांसमोर, मोठ्यानं वाचायचा. त्याला वाटायचं, बहिणीनं आईला लिहिलेलं पत्र म्हणजे गावाला ऐकवायचीच गोष्ट. म्हणून मी तुला कायम 'इकडे सर्व ठीक आहे' एवढंच लिहीत आले. आता कुणी वाचून दाखवणार नाही आणि ऐकायला तू नाहीस, तेव्हा एकदा खरं लिहून बघते. दुपारचे अडीच वाजलेत. मुलींचे डबे गेले, पातेली घासून पालथी घातली, आणि मी बादलीत गरम पाणी घेऊन त्यात मीठ टाकून पाय बुडवून बसले आहे. पाय रोजच सुजतात. लातूरला डॉक्टर व्हायला गावोगावच्या पोरी येतात, शिकवण्या लावतात, आणि त्यांना दोन वेळचं जेवायला घालायचं काम मी तीसहून जास्त वर्षं करते आहे. सध्या अडतीस पोरी आहेत, आमच्याच वरच्या खोल्यांत राहतात. एक तर पार हिमायतनगरची आहे, ती रोज भाकरी मागते आणि बाकीच्या सदतीस पोळी मागतात. साडेचारला पुन्हा कणीक मळायला घ्यायची. तोवरचा वेळ माझा.

तुझं स्वयंपाकघर डोळ्यासमोर येतं. पुढं किराणा दुकान, मागं ती एकच लांबट खोली, कोपऱ्यात चूल, आणि चुलीपासून दोन हातावर तुझा तो घोंगडीचा तुकडा. त्याच्यावर दुसऱ्या कुणी बसायचं नाही. तू न्हाऊन येतेस, ओल्या केसांचा तसाच बुचडा बांधतेस, कपाळाला भस्माची तीन बोटं ओढतेस आणि गळ्यातली चांदीची डबी उघडतेस. आतलं लिंग जांभळाएवढं, काळंभोर. ते डाव्या तळहातावर ठेवायचं, पळीभर पाणी, एक बेलाचं पान, आणि मग नुसतं बघत बसायचं. दहा मिनिटं, जास्त नाही. तेवढ्यात दुकानातून अप्पा ओरडतात, अर्ध्या किलोचं माप कुठं गेलं म्हणून. तू हूं का चूं करत नाहीस. अप्पांचा आवाज चढत जातो, गिऱ्हाईक खोकतं, मी दारात उभी राहून एकदा तुझ्याकडं बघते, एकदा अप्पांकडं. दहा मिनिटांनी तू लिंग परत डबीत ठेवतेस, उठतेस, आणि माप पोत्याखालून काढून देतेस. ते तिथंच असायचं, अप्पांना दिसायचं नाही.

पूजा होईस्तोवर तू पाण्याचा थेंब तोंडात घालत नव्हतीस. आमटीला फोडणी आधीच दिलेली असायची, भाकऱ्याही थापून झालेल्या असायच्या, पण चव म्हणून बघायची नाही. मी नऊ-दहा वर्षांची असेन. तू कपाळाला भस्म लावत होतीस आणि मी हळूच पळीतली आमटी तळहातावर घेतली. तू ओल्या हातानं माझं मनगट धरलंस. मारलं नाहीस, पण इतकं घट्ट धरलंस की आमटी खाली सांडली. म्हणालीस, "आधी त्याचं, मग आपलं. तुझी जीभ काय पळून चाललीय का?" मी रडवेली झाले, पण वाद घालायची खोड तेव्हाही होती. विचारलं, मग मीठ बरोबर पडलं का नाही ते कसं कळणार? तू म्हणालीस, "हाताला कळतंय. आन् न्हाई कळलं तर कमी-जास्त खायचं. मरत न्हाई कुणी."

आणि तुझ्या आमटीला मीठ कधी चुकल्याचं मला आठवत नाही. मला त्याचाही राग यायचा. खरं सांगू का, मला तुझा फार राग यायचा अव्वा. तुझ्या तोंडात एकच शब्द होता, 'झालं की'. अप्पांनी ताट भिरकावलं तर वाटी उचलून ठेवत झालं की. दिवाळीला जावांना जरीची लुगडी आणि तुला सुती, तरी झालं की. मी कॉलेजात जायला लागले, चार पुस्तकं वाचली, आणि मला वाटायला लागलं की ही बाई दगड आहे किंवा हिला कळतच नाही. एकदा तू तुरीची डाळ निवडत बसली होतीस तेव्हा मी अगदी मुद्दाम विचारलं की तू सुखी आहेस का. तू सुपातून मान वर केलीस. मी आजारी-बिजारी तर नाही ना, असं बघितलंस आणि हसलीस. "सुक म्हंजी काय आसतंय गं? पोटाला हाय, तुमी हाव, लिंग गळ्यात हाय. झालं की." आणि परत खडे काढायला लागलीस. माझा इतका मोठा प्रश्न तू डाळीबरोबर पाखडून टाकलास.

दगड नव्हतीस हे मला भूकंपाच्या सकाळी कळलं. गणपती बुडवून माणसं निजलेली आणि जमीन हलली. मी तेव्हा माहेरीच होते. गल्लीतली सगळी माणसं रस्त्यावर. उजाडलं तशा किल्लारीकडनं जीपा यायला लागल्या आणि जीपवाले जे सांगत होते ते कुणाला खरं वाटत नव्हतं. बाया छाती पिटून रडत होत्या, कारण कुणाची लेक तिकडं दिलेली, कुणाची बहीण. अप्पा खाटेवर बसून नुसते हात चोळत होते. घरात जायला कुणी धजत नव्हतं. तू हापशावरनं बादली भरून आणलीस, आडोशाला न्हालीस, आणि रस्त्याच्या कडेला लिंबाखाली बसून पूजा मांडलीस. मला तुझी लाजच वाटली. माणसं मेलीत आणि हिचं काय चाललंय! जवळ गेले आणि बघितलं, तुझा डावा हात लटलट कापत होता. लिंग पडेल म्हणून तू उजव्या हातानं डावा हात धरला होतास. तसंच धरून दहा मिनिटं बसलीस. हात थांबला, मग उठलीस, आणि एकेका घरात आपणच शिरून पीठ काढून आणून सगळ्या गल्लीला पिठलं-भाकरी केलीस. त्या दिवशी मला पहिल्यांदा तुझा हेवा वाटला. मला त्या सगळ्या दिवसात हात कशानं थांबवायचा ते कळलं नव्हतं.

माझ्याही गळ्यात लिंग होतंच. आपल्या लिंगायतांत लेकराला लहानपणीच बांधतात, मरेपर्यंत काढायचं नसतं. पण ह्यांची दालमिलमधली नोकरी सुटली, मी मेस सुरू केली, आणि सकाळ अशी राहिलीच नाही. चारला उठायचं ते थेट शेगडीपुढं. एक दिवस कढईवर वाकले असताना गळ्यातला दोरा तुटला. लिंग तेलात पडता पडता वाचलं. उद्या दोरा ओवू म्हणून मी ते फळीवरच्या लवंगांच्या डब्यात टाकलं. तो उद्या दोन वर्षं आला नाही. मी काही देव सोडला नव्हता अव्वा, कुणाशी भांडणही नव्हतं. नुसती राहून गेलेली गोष्ट. घरात राहून गेलेल्या गोष्टी काय थोड्या असतात?

मग तू आलीस. कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी घेऊन, एसटीच्या धक्क्यांनी खिळखिळी होऊन. माझी दाढ दुखत होती म्हणून तू लवंग शोधायला गेलीस. मी पाठमोरी, पोळ्या लाटत होते. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला आणि मग कुठलाच आवाज येईना. माझं लाटणं तिथंच थांबलं. मला वाटलं आता ही बोलेल, रडेल, निदान मनगट तरी धरील. मी त्या तिन्हीला तयार होते. तू त्यातलं काहीच केलं नाहीस. लिंग धुतलंस, पदरानं पुसलंस, नाकाशी धरून बघितलंस, आणि माझ्यासमोर पाटावर बसलीस. म्हणालीस, "तुला येळ न्हाई गं. दिसतंय मला. तुझ्यानं व्हईना तर मी करते. त्यात काय मोटं?" मी म्हटलं, दुसऱ्याची पूजा दुसऱ्यानं केलेली चालते का? तू म्हणालीस, "आईनं केलेली चालती का न्हाई, ते त्याला इचारीन मी." माझ्या जुन्या लाल खणाचा तुकडा फाडून त्यात ते गुंडाळलंस आणि कमरेला खोचलंस. जाताना एसटीच्या खिडकीतून एवढंच बोललीस, की तुझंच आहे, पाहिजे तेव्हा ने. अव्वा, शिव्या घातल्या असत्यास तर मी दुसऱ्या दिवशी परत मागितलं असतं.

अकरा वर्षं तू दोघींची पूजा केलीस. भावजय फोनवर चेष्टेनं म्हणायची, अव्वांचं आता डबल काम झालंय. मी मुरुडला आले की बघायची, एक चांदीची डबी गळ्यात, एक लाल फडकं कमरेला. आधी एक तळहातावर, मग दुसरं. दहाची वीस मिनिटं झाली होती. अप्पा तोवर गेले होते, माप मागणारं कुणी नव्हतं. दर खेपेला निघताना तू एकदाच विचारायचीस, "नेतीस का?" आणि मी म्हणायची, पुढच्या खेपेला. तू मान हलवायचीस. मला वाटायचं, आई आहे, करते आहे, करू दे.

पुढची खेप आली ती तू गेल्याची. सकाळी दुकानापुढचं झाडून, न्हाऊन, पूजा करून भिंतीला टेकलीस ती टेकलीसच, असं भावजयीनं सांगितलं. मी मिळेल त्या जीपनं आले. आपल्यात मेलेल्या माणसाला आडवं करत नाहीत. तुला भिंतीशी मांडी घालून बसवलं होतं, कपाळभर भस्म, गळ्यात हार. पुढ्यात काही काम नसलेली, नुसती बसलेली तू मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलीस. बसवूनच मातीत ठेवायचं आणि ज्याचं लिंग त्याच्या तळहातावर द्यायचं, ही आपली रीत. आंघोळ घालताना बायकांनी दोन्ही काढून पितळी ताटात ठेवली होती. डबी आणि फडकं. जंगम स्वामी दारात येऊन म्हणाले, चांदी घरात ठेवा, अव्वांचं लिंग तेवढं द्या. धाकट्यानं ताट माझ्यापुढं केलं आणि डबीकडं बोट दाखवून विचारलं, "अक्का, हेच ना?"

आणि मी म्हणाले, "नाही. डबीत माझं ठेवलं होतं तिनं. तिचं फडक्यातलं आहे."

किती सहज बोलले मी ते. जीभ सुद्धा अडखळली नाही. भावजय बेलाचं ताट घेऊन शेजारीच उभी होती, ती म्हणाली, "हाव, बरोबर हाय." मला वाटलं, बिचारी जागरणानं गुंगलीय, मोठ्या नणंदेपुढं मान डोलावतेय. धाकट्यानं फडक्यातलं काढून स्वामींना दिलं. मी डबी उचलून तिथल्या तिथं गळ्यात घातली. लोकांना वाटलं, लेकीची काय माया. माया नव्हती ती. तुझी आठवण म्हणून मी ते घेतलं नव्हतं अव्वा, तुझी आठवण मला लुगड्यात मिळाली असती, घोंगडीच्या तुकड्यात मिळाली असती. मला तुझं ते 'झालं की' पाहिजे होतं. ते तुझ्या लिंगातच आहे अशी माझी खात्री होती. साठ वर्षं तू त्याच्याकडं बघत बसली होतीस, तर एवढं तरी त्याच्यात उतरलं असेलच. आणि तुझ्या हातात मी माझं दिलं. दोन वर्षं लवंगांत पडलेलं.

त्या दिवसापासून मी रोज पूजेला बसते. कधी चुकवली नाही. रेल्वेनं लातूरला पाणी आलं त्या उन्हाळ्यात सगळ्या पोरींना एकेक बादली मोजून देत होते, तरी एक तांब्या पूजेला बाजूला काढला. पण मी बसायची ती भीतीनं. तुझं लिंग तळहातावर घ्यायचं आणि वाटायचं, ह्याला माझा हात परका वाटत असेल. वाट बघायची, की आज काही होईल, आज आतून शांत वाटेल. आणि व्हायचं काय, तर कुकरच्या शिट्ट्या मोजल्या जायच्या. कधी बसल्या बसल्या डुलकी लागायची. उठताना गुडघे बोलायचे. पहिली दोन-तीन वर्षं मी चिडायची, मग चिडायचंही दमले. मुरुडला आले की तुझ्या समाधीवर बेल वाहायची आणि लगेच उठायची. डोळे मिटायला भ्यायची. मला एकच दिसायचं, की तू तिथं हात पुढं करून बसली आहेस, आणि तो तुला विचारतोय, हे कुणाचं आणलंस? आणि तू माझं नाव सांगत नाहीस. तू सांगणारच नाहीस. एकोणीस वर्षं हे कुणाला बोलले नाही. ह्यांनाही नाही. धाकट्याला काय सांगणार, की तुझ्या हातून मी आईच्या हातावर खोटं ठेवलं?

गेल्या आठवड्यात भावजय डोळ्याच्या ऑपरेशनला आली होती. चार दिवस माझ्याकडंच राहिली. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, वाकायचं नाही, धूर लागू द्यायचा नाही, म्हणून तिला लांब खुर्चीवर बसवलेलं. सकाळी मी पूजेला बसले. तिनं एका डोळ्यानं बराच वेळ माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "अक्का, लवंगंचा वास गेला का ओ त्याचा?"

मी म्हटलं, कशाचा? ती म्हणाली, "लिंगाचा. अव्वा म्हनायच्या न्हाई का, किती धुतलं तरी पोरीच्या लिंगाला लवंगंचा वास येतोय." माझ्या हातातली पळी तशीच राहिली. तोंडातून निघून गेलं, हे अव्वाचं आहे. ती हसायला लागली, डोळ्यावर ताण नको म्हणून परत गप्प झाली. "अव्वाचं कसं आसंल? तुमीच तर सांगितलं की त्या दिवशी. तुमचं डबीत, त्यांचं फडक्यात. मला वाटलं अव्वांनी तुमाला सांगून ठिवलं व्हतं."

मग तिनं सांगितलं. लातूरहून तू परत आलीस त्याच संध्याकाळी, हातपाय धुऊन, दिवा लावलास आणि आपल्या डबीतलं लिंग काढलंस. ते लाल फडक्यात बांधून कमरेला खोचलंस आणि माझं डबीत घालून गळ्यात घातलंस. भावजय नवी होती, घाबरली, म्हणाली अव्वा, आपलं गळ्यातून काढू नये म्हणतात. तेव्हा तू तिला म्हणालीस, "माझं कुटंबी ऱ्हाईल, त्याला मी म्हाईत हाय. ह्याला दोन साल अंग न्हाई लागलं. जरा छातीची ऊब लागू दे." एवढं सांगून भावजयीनं विचारलं, चहा टाकताय का मी टाकू. मी म्हटलं, अव्वानं सांगितलं होतं मला, विसरले होते. म्हणजे आणखी एक खोटं. चहात आलं दोनदा घातलं गेलं.

त्या दिवशी मी काय केलं सांगू? पोळ्या लाटताना हसत होते. ह्यांनी पेपर खाली ठेवून बघितलं, बाईला काय झालं म्हणून. चोरी करायला गेले आणि आपलीच वस्तू चोरून आले! खोटं बोलले ते सुद्धा खरं निघालं. म्हटलं, अव्वा, एवढं एक पाप तरी मला नीट करू द्यायचंस. आणि मग कांदा चिरायला घेतला, अडतीस जणींचा कांदा असतो, रडायला सोयीचा. अकरा वर्षं तू मला छातीशी घेऊन फिरलीस. डाळ निवडताना, दुकान झाडताना, अप्पांना मातीत ठेवताना. आणि मी निघताना 'नेतीस का' विचारायचीस, तेव्हा गळ्यातलं काढून द्यायला तयार होतीस. मी एकदा हो म्हटलं असतं, तर तू माझ्यासमोर डबी उघडली असतीस आणि मला तेव्हाच कळलं असतं. एकदा हो म्हणायचं होतं.

तुझ्या हातात तुझंच आहे, एवढ्यानं माझ्या डोक्यावरचं केवढं ओझं उतरलं. पण दुसरंही एक झालं. एकोणीस वर्षं मी ज्याची वाट बघत होते, ते ह्यातून येणारच नव्हतं. हे माझंच. ह्यात असलंच तर माझं कुकरच्या शिट्ट्या मोजणं आहे, डुलक्या आहेत, पाय दुखणं आहे. मग दुसऱ्या दिवशी कशाला बसायचं, असं मनात येऊन गेलं. तरी बसले. सवयीनं म्हण. तळहातावर घेतलं, पाणी घातलं, बेल ठेवला. भीती नव्हती, वाट बघणं नव्हतं. बाहेर पोरी बाथरूमसाठी भांडत होत्या, हिमायतनगरची सगळ्यांत वरच्या पट्टीत. मी बसून राहिले. मला कुठं जायचं नव्हतं. उठले तेव्हा लक्षात आलं की मी शिट्ट्या मोजल्या नव्हत्या, आणि भात थोडा लागला होता. पोरी कुरकुरल्या. मी काय म्हणाले असेन? तुझा शब्द माझ्या तोंडातून निघाला, झालं की म्हणाले, खा.

सुखी आहे का मी? दमले आहे, अव्वा. तू दमत होतीस का, हे मी तुला कधी विचारलं नाही, सुखी आहेस का ते मात्र विचारलं. लोकांना सांगण्यासारखं माझ्याकडं काही नाही. नाकाशी धरून बघितलं मी लिंग, लवंगेचा वास येतो का म्हणून. आला. पण मसालेभाताचा दिवस होता, माझ्या हातालाच असेल. त्याचं काय खरं धरायचं.

पाणी गार झालं आहे. पाय पुसून उठायला पाहिजे, कणीक राहिली आहे. हे पत्र कुठं धाडणार? तुझ्या समाधीवर ठेवलं तर धाकट्याच्या हाती पडायचं आणि तो दुकानात मोठ्यानं वाचायचा. इथंच फळीवर राहू दे, डब्याखाली.

एक राहिलं. अडतीस जणींचा स्वयंपाक असतो अव्वा, मला मीठ हाताला कळत नाही. एकोणीस वर्षं मी रोज पूजेला बसायच्या आधी आमटीची चव बघते. आजही बघितली. मीठ बरोबर होतं.